स्टेनलेस स्टीलचा चिवटपणा

स्टेनलेस स्टीलचा चिवटपणा : धक्का बसला किंवा खाच पडली तरी चटकन न फुटता, वाकत-ताणत ऊर्जा शोषून घेण्याची स्टेनलेस स्टीलची क्षमता. कठीणपणा आणि ताणबल यांहून हा गुण वेगळा आहे. अतिशय कठीण पाते एका फटक्यात तुटते, तर मऊ पत्रा हातोड्याने चेपतो पण फाटत नाही. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की ते स्टेनलेस ठरते, पण क्रोमियमचे काम गंज रोखण्याचे आहे. चिवटपणा ठरवतात त्या इतर गोष्टी : स्फटिकरचना, वापराचे तापमान, जाडी, धातूची शुद्धता आणि भट्टीत किंवा वेल्डिंगमध्ये त्याने सोसलेली उष्णता.

सांगली-सातारा पट्ट्यात या धातूचा वापर मोठा आहे. साखर कारखाने, दूध संघ, किर्लोस्करवाडीचा पंप उद्योग, कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतली फॅब्रिकेशनची कामे ही ठळक उदाहरणे. खरेदी बहुधा ग्रेडचा म्हणजे प्रकाराचा आकडा (३०४, ४३० असा) पाहून होते. मात्र एकाच आकड्याचे दोन पत्रे चिवटपणात एकमेकांपासून फार दूर असू शकतात. हीच बाब कामगार आणि खरेदीदार दोघांच्याही नजरेतून सर्वाधिक सुटते.

चिवटपणा मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे शार्पी आघात चाचणी. ५५ मिमी लांब आणि १० × १० मिमी छेदाच्या तुकड्याला २ मिमी खोल ‘व्ही’ आकाराची खाच पाडतात आणि लोलकाच्या हातोड्याने तो तोडतात. तोडायला लागलेली ऊर्जा जूलमध्ये नोंदवली जाते. तुटलेला भागही बोलका असतो. तो करडा, तंतुमय आणि कडेने ओढला गेलेला असेल तर धातू चिवट. सपाट, दाणेदार आणि चकाकणारा असेल तर ठिसूळ. चांगल्या ३०४ चा तुकडा पुष्कळदा पुरता तुटतही नाही, नुसता दुमडून बाहेर येतो.

सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे ३०४ हे ऑस्टेनिटिक कुळातले आहे. या कुळातील अणूंच्या मांडणीमुळे गारठ्यातही धातूचे थर एकमेकांवरून घसरू शकतात, त्यामुळे चिवट अवस्थेतून ठिसूळ अवस्थेत अचानक होणारी घसरण येथे आढळत नाही. द्रव ऑक्सिजन उणे १८३° से.ला, तर द्रव नायट्रोजन उणे १९६° से.ला उकळतो. रुग्णालयांच्या आवारातील ऑक्सिजनच्या उभ्या टाक्यांचे आतले भांडे म्हणूनच सहसा ऑस्टेनिटिक स्टेनलेसचे असते. (जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरणारा नायट्रोजनचा छोटा कॅन ॲल्युमिनियमचा असतो. त्याची अणुरचना याच प्रकारची, म्हणून तोही गारठून ठिसूळ होत नाही.)

फेरिटिक कुळ, म्हणजे ४०९, ४३०, ४३९, यांची गोष्ट उलटी आहे. विशिष्ट तापमानाखाली त्यांचा चिवटपणा एकदम कोसळतो. जाड पत्र्यात हा टप्पा नेहमीच्या हवामानाच्या आसपास येऊ शकतो, त्यासाठी बर्फाळ प्रदेशाची गरज नाही; वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठवणारी महाबळेश्वरची पहाटही पुरते. साखर कारखान्यातील ज्यूस हीटर आणि इव्हॅपोरेटरच्या पातळ नळ्यांना ४३९ चांगले चालते, कारण पातळ भिंतीत चीर वेगाने पसरायला लागणारा ताण साचत नाही. तोच धातू जाड प्लेट म्हणून वापरून वेल्ड केला तर मात्र धोका आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचे स्फटिककण फुगतात, आणि या कुळात ते नंतरच्या उष्णोपचाराने पुन्हा बारीक होत नाहीत. कार्बन आणि नायट्रोजन जितके कमी तितके बरे. ४०९एमसारख्या १२ टक्के क्रोमियमच्या प्रकारांत घटकांचे प्रमाण असे जुळवलेले असते की कणांची वाढ आटोक्यात राहते. बगॅस म्हणजे उसाचा चोथा वाहून नेणाऱ्या कॅरिअरच्या कामाला ते म्हणून सोयीचे.

मार्टेन्सिटिक कुळातील ४१० आणि ४२० उष्णोपचाराने कठीण करतात. पाणी दिल्यावर ते टेंपर न करता, म्हणजे पुन्हा बेताने न तापवता, वापरणे म्हणजे फुटण्याला आमंत्रण. टेंपरिंगचे तापमानही जपून निवडावे लागते : साधारण ४२५ ते ५५० अंशांत चिवटपणा उलट घटतो. उपसा पंपांचे शाफ्ट बहुधा ४१० चे असतात, त्यामुळे उपसा सिंचनावर उभ्या असलेल्या या भागात ही बाब महत्त्वाची आहे. कार्बन फार कमी करून १३ टक्के क्रोमियमला ४ टक्के निकेलची जोड दिली की चिवटपणा पुष्कळ सुधारतो. जलविद्युत टर्बाइनची चक्रे या मिश्रधातूत ओततात.

उष्णतेत घालवलेला काळ हा सर्वांत फसवा घटक आहे. ४७५ अंशांच्या आसपास फेरिट (फेरिटिक कुळाची स्फटिकरचना) असलेल्या स्टेनलेसमध्ये क्रोमियमने समृद्ध सूक्ष्म भाग वेगळे होतात आणि धातू ठिसूळ बनतो. म्हणून २२०५ सारखे ड्युप्लेक्स (फेरिटिक आणि ऑस्टेनिटिक अशा दोन्ही रचना असलेले स्टेनलेस) सुमारे ३०० अंशांच्या वर दीर्घकाळ वापरत नाहीत. ६०० ते ९०० अंशांत सिग्मा नावाची कठीण, काचेगत फुटणारी प्रावस्था, म्हणजे धातूच्या आतली वेगळी रचना, तयार होते. अधिक मिश्रणाच्या ड्युप्लेक्समध्ये काही मिनिटेही पुरतात. साखर कारखान्यातील बॉयलरच्या भट्टीतले ३१० चे हुक आणि हँगर हंगामभर तापलेले असताना भार निमूट पेलतात. हंगाम संपून बॉयलर थंड झाला, दुरुस्तीसाठी फिटरने हातोडा मारला, की त्यांतला एखादा कटकन तुटू शकतो. बाहेरून गंज नाही, झीज नाही. सिग्मा फक्त गार अवस्थेत आपले रूप दाखवते. १०५० अंशांच्या वर तापवून झटपट थंड केल्यास ती विरघळते. ड्युप्लेक्सची तपासणी करताना उणे ४०° से.ला मूळ धातूने किमान ५४ जूल द्यावेत अशी एका प्रचलित अमेरिकी मानकाची अट आहे.

वेल्डिंगमध्ये पद्धतीचाही वाटा असतो. आर्गन वेल्डिंगचा सांधा स्वच्छ असतो. रॉडच्या फ्लक्समधून, म्हणजे रॉडवरच्या लेपातून, ऑक्सिजन आणि धातुमळीचे कण आत शिरले की जूल घटतात. ३०४ च्या सांध्यात गरम असताना चिरा पडू नयेत म्हणून थोडे फेरिट मुद्दाम ठेवतात, पण अतिथंड कामात तेच फेरिट चिवटपणा कमी करते. सांधा ओल्या फडक्याने गार करण्याची सवय ३०४ ला सहसा बाधत नाही. ४१० वर मात्र ती चालवू नये, तेथे आधी तापवणे आणि नंतर टेंपर करणे अटळ आहे. ओलसर रॉडमधून येणारा हायड्रोजनही ४१० ला तडा देतो, कधी काम संपल्यावर काही तासांनी.

धातूत अडकलेले गंधकयुक्त कण पत्रा लाटण्याच्या दिशेने लांब पसरतात, त्यामुळे आडव्या दिशेने चिवटपणा कमी भरतो. लेथवर सहज कापले जावे म्हणून ३०३ मध्ये गंधक मुद्दाम घालतात. धक्का खाणाऱ्या भागाला ते वापरू नये. थंड अवस्थेत ठोकून किंवा खोल ओढून आकार दिला की ३०४ मध्ये काही भाग मार्टेन्साइट (मार्टेन्सिटिक कुळाची कठीण रचना) बनतो आणि एरवी न चिकटणारे चुंबक तेथे हलके चिकटू लागते. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०१ मध्ये हा परिणाम तीव्र असतो, आणि खोल ओढलेल्या भांड्याच्या काठाला काही दिवसांनी आपोआप उभी चीर जाऊ शकते.