पानातला बंद चौकोन

माझ्या कपाटात २००५ सालची एक सीडी आहे. तिच्यात मानवी हृदयाचं चलचित्र आहे. अशुद्ध रक्त उजव्या कर्णिकेत येतं, झडप उघडते, खालची जवनिका आकुंचन पावते आणि रक्त फुफ्फुसांकडे निघतं. शाळकरी मुलांसाठी मी ते फ्लॅश या चलचित्रं बनवायच्या प्रोग्रॅममध्ये बनवलं होतं. त्यातल्या कोणत्या गोष्टीने सगळ्यात जास्त घाम काढला असेल, तर 'जवनिका' हा शब्द लिहिण्याने.

युनिकोड या संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'नि' साठवताना आधी 'न' येतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र ती वेलांटी 'न'च्या डावीकडे काढावी लागते. ही अदलाबदल करणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार योग्य जागी चढवणं, हे काम विंडोजच्या मदतीने ब्राउझर तोपर्यंत बऱ्यापैकी करू लागले होते. फ्लॅशला ते जमत नव्हतं. चिन्हं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने ते मांडायचं आणि वेलांटी भलत्याच जागी लोंबकळत राहायची. मग आम्ही जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट घेऊन शब्द टाइप करायचो आणि कंट्रोल-बी दोनदा दाबायचो. पहिल्यांदा शब्दाची सुटी अक्षरं व्हायची, दुसऱ्यांदा अक्षरांच्या नुसत्या आकृत्या. दिसायला 'जवनिका' तशीच, पण आता तिथे अक्षरं नव्हती. बाजूच्या झडपेसारखंच तेही रेषांचं चित्र झालेलं. शोधलं तर सापडणार नाही, कॉपी होणार नाही, आणि एखाद्या अंध मुलाच्या संगणकाला ते वाचून दाखवता येणार नाही. देवनागरीसारख्या लिप्या नीट मांडणारं नवं इंजिन फ्लॅश प्लेयरच्या दहाव्या आवृत्तीत, २००८ मध्ये आलं. तोवर आमची कितीतरी चलचित्रं मुकी होऊन बसली होती.

ब्राउझरमध्ये फ्लॅशसारखी बाहेरून जोडलेली प्लगइन हवीत, की सगळ्यांना वापरता येणारे सामायिक नियम, म्हणजे खुली मानकं, हा वाद मी पुढे वर्षानुवर्षं ऐकला आणि त्यात तावातावाने भांडलोही. बॅटरी, वेग, सुरक्षितता असे बरेच मुद्दे त्यात निघाले. मला मात्र तो सगळा वाद त्या एका शब्दापाशी येऊन थांबलेला दिसतो: पानावर मांडलेली गोष्ट बनवणाऱ्याखेरीज आणखी कोणाला उघडता येते?

प्लगइनचं तंत्र समजायला सोपं आहे. वेबपान वाचता वाचता ब्राउझरला एके ठिकाणी स्वतःला न समजणारी फाइल भेटते. मग तो पानावर ठरावीक लांबी-रुंदीचा चौकोन मोकळा सोडतो आणि तो दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या हवाली करतो. त्या चौकोनात काय रंगवायचं, माउसची कोणती क्लिक कशी घ्यायची, हे तो प्रोग्रॅम ठरवतो. नेटस्केपने दुसऱ्या आवृत्तीपासून ही सोय दिली आणि जवळपास सगळ्या ब्राउझरनी तिचं अनुकरण केलं. वाड्यातली एक खोली पोटभाडेकरूला द्यावी, तसा हा व्यवहार. फरक इतकाच की या पोटभाडेकरूच्या हातात सगळ्या वाड्याच्या किल्ल्या असायच्या. जुन्या पद्धतीचं प्लगइन वापरणाऱ्याच्या संपूर्ण अधिकारांनिशी चाले. ते फायली वाचू शके, लिहू शके. त्यामुळे फ्लॅशमध्ये किंवा जावाच्या प्लगइनमध्ये एक भोक सापडलं, की ब्राउझर कितीही चोख असला तरी चोराला आत यायला वाट मिळे.

तरीही लोकांनी प्लगइन आनंदाने घेतली, कारण त्या काळी वेबपान म्हणजे मजकूर आणि स्थिर चित्रं. फ्लॅशचा जन्म जोनाथन गे यांच्या फ्यूचरवेव्ह या छोट्या कंपनीतला. पेनने चालणाऱ्या संगणकांसाठी त्यांनी चित्रं काढायचा प्रोग्रॅम लिहिला होता. ते संगणक चालले नाहीत, म्हणून त्याच प्रोग्रॅमला हालचालीची जोड देऊन १९९६ मध्ये तो वेबकडे वळवला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडियाने तो विकत घेऊन 'फ्लॅश' हे नाव दिलं. त्याची खुबी व्हेक्टर चित्रांत होती. चित्रातला प्रत्येक ठिपका साठवण्याऐवजी फ्लॅश रेषेची सुरुवात, शेवट आणि वळण साठवी. टेलिफोनच्या तारेवरून किरकिर करत चालणाऱ्या मोडेमला तो वजनाने झेपायचा. पुढे २००५ मध्ये यूट्यूब आलं, तेही फ्लॅशच्या जोरावर. त्याआधी व्हिडिओ बघायचा तर रिअलप्लेयर, क्विकटाइम, विंडोज मीडिया यांतलं नेमकं कोणतं लागेल याचा पत्ता नसे. हा काटा फ्लॅशने काढला, आणि त्याबद्दल त्याचं ऋण मानलंच पाहिजे.

मग मानकं ठरवणारी मंडळी इतकी वर्षं काय करत होती? वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमचा भर तेव्हा एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या भाषेच्या एक्सएचटीएमएल या नव्या रूपावर होता. ती भाषा नेटकी, पण इतकी कडक, की एक खूण, म्हणजे टॅग, बंद करायची राहिली तर पान दिसण्याऐवजी चूक झाल्याचा संदेश दिसावा. जून २००४ मध्ये सॅन होजे इथे झालेल्या कार्यशाळेत ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला आणि ओपेरा यांनी वेगळा मार्ग सुचवला: आहे तेच एचटीएमएल हळूहळू वाढवू या, जुनी पानं मोडू द्यायची नाहीत. मत घेतलं गेलं तेव्हा ८ बाजूने आणि १४ विरोधात. हरलेल्यांनी काही दिवसांतच स्वतःचा गट काढला, ॲपलची माणसंही त्यात होती, आणि इयान हिक्सन यांच्या संपादनाखाली ज्याला पुढे एचटीएमएल-५ म्हटलं गेलं त्याचा मसुदा सुरू झाला. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती व्हिडिओ किंवा ॲनिमेशन नव्हे. चुकीचं, अर्धवट लिहिलेलं पान कसं वाचायचं, हे त्यांनी पायरी-पायरीने लिहून काढलं. तोपर्यंत प्रत्येक ब्राउझर आपापला अंदाज बांधायचा आणि आम्ही तेच पान चार ठिकाणी उघडून दुरुस्त करत बसायचो.

२००७ मध्ये ओपेराने 'व्हिडिओ' हा टॅग सुचवला. चित्रासाठी जसा टॅग असतो तसाच व्हिडिओसाठी, मधे प्लगइन नको. कल्पना सगळ्यांना पटली आणि गाडी कोडेकपाशी अडली. व्हिडिओ कच्चा ठेवला तर अवाढव्य होतो. म्हणून एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीत जेवढं बदललं तेवढंच साठवायचं, डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे. ही दाबण्याची आणि उलगडण्याची रीत म्हणजे कोडेक. त्यातला एच.२६४ उत्तम होता, मोबाइलच्या चिपमध्येच त्याची सोय असे, पण त्यावर पेटंटं होती आणि परवान्याचे पैसे पडत. फुकट वाटल्या जाणाऱ्या, कोणालाही बदलून पुढे देता येणाऱ्या मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरने तो परवाना कोणाकोणासाठी घ्यायचा? मोझिला आणि ओपेरा यांनी थिओरा हा मुक्त कोडेक धरून ठेवला. ॲपल म्हणे, त्याला चिपचा आधार नाही आणि न उघड झालेल्या पेटंटांची भीती आहे. शेवटी २००९ मध्ये हिक्सन यांनी कोणता कोडेक हवा हे कलमच मसुद्यातून काढून टाकलं. टॅग प्रमाण झाला, आतला माल नाही. गूगलने २०१० मध्ये व्हीपी८ हा कोडेक खुला केला, तरी तिढा सुटला नाही. २०१२ मध्ये मोझिलाने नाइलाजाने यंत्रात आधीपासून असलेला एच.२६४ वापरायचं ठरवलं. २०१३ मध्ये सिस्कोने परवान्याचा भार स्वतः उचलून एच.२६४चा तयार कोडेक सगळ्यांना मोकळा केला. या सगळ्या काळात आम्ही प्रत्येक व्हिडिओ दोन-दोन रूपांत बनवून ठेवत होतो, आणि तेही चाललं नाही तर खाली फ्लॅश.

एप्रिल २०१० मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर पत्र लिहून आयफोन-आयपॅडवर फ्लॅश का नाही ते सांगितलं, आणि पुढच्या वर्षी, तोवर फ्लॅशची मालक झालेल्या अडोबीने मोबाइलवरचं फ्लॅश थांबवलं. या पत्राने फ्लॅश मेलं असं सर्रास म्हटलं जातं. ॲपलचं स्वतःचं ॲप स्टोअरही काही खुलं अंगण नव्हतं, ही फ्लॅशवाल्यांची तक्रार खरी होती. त्यांची आणखीही एक तक्रार खरी होती. आमच्या हातात टाइमलाइन होती, चित्रकार स्वतः बसून हालचाल रचू शकत होता. एचटीएमएल-५ने चित्रकाराच्या हातात कोड दिला आणि म्हटलं, लिही. ते हत्यार आमच्याकडून गेलं ते गेलंच.

देशांच्या पातळीवर प्लगइनची किंमत बघायची तर दक्षिण कोरिया बघावा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिका माहिती गुप्त ठेवणारं ताकदवान सांकेतिकीकरण असलेले ब्राउझर परदेशी जाऊ देत नसे. कोरियाने १९९८ मध्ये 'सीड' ही सांकेतिकीकरणाची स्वतःची पद्धत तयार केली. ब्राउझरला ती ठाऊक नव्हती, म्हणून ती ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या प्लगइन तंत्रातून बसवली गेली. निर्णय त्या वेळी शहाणपणाचा होता. अमेरिकेने २००० मध्ये निर्बंध सैल केले, पण तोपर्यंत बँका, कर, खरेदी सगळं त्या एका तंत्रात रुतलं होतं. पुढे कितीतरी वर्षं कोरियन माणसाला बँकेत पैसे भरायला विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोरर लागायचाच. त्या व्यवस्थेतल्या सरकारमान्य प्रमाणपत्राचा खास दर्जा निघाला तो थेट डिसेंबर २०२० मध्ये. आपल्याकडे ऑनलाइन निविदेवर डिजिटल सही करताना जावाची नेमकी जुनी आवृत्ती शोधत बसलेल्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

मानकांच्या बाजूने भांडलो म्हणून मानकवाल्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. चित्रपटांच्या कुलूपबंद प्रसारणासाठी ब्राउझरमध्ये सोय करायचा प्रस्ताव २०१२ मध्ये आला. त्यात मानक फक्त बोलणी कशी करायची एवढंच ठरवतं. कुलूप उघडणारा तुकडा बंदच, त्याच्या आत कोणी पाहायचं नाही. म्हणजे प्लगइन मागच्या दाराने परत. २०१७ मध्ये कन्सोर्शियममध्ये मतदान झालं: १०८ बाजूने, ५७ विरोधात, २० तटस्थ. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने कन्सोर्शियमचा राजीनामा दिला. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. आणि 'कॅनव्हास' हा टॅग वापरून अख्खं ॲप नुसत्या ठिपक्यांत रंगवणारे आजचे विकासक, मानकाच्या आत राहूनही, तोच बंद चौकोन पुन्हा पानावर आणतात. आपण कोणतं तंत्र वापरलं एवढ्यावर भागत नाही. मजकूर मजकूर म्हणून उरला का, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं.

क्रोमने जुन्या प्लगइनचं दार २०१५ मध्ये बंद केलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फक्त फ्लॅशला वगळून. त्याच वर्षी अडोबीने तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरमध्येच घातलेल्या अटीमुळे फायली चालायच्या थांबल्या. माझं हृदयही थांबलं.

नंतर रफल हाती लागलं. फ्लॅशच्या फायली चालवणारा हा खुला प्रोग्रॅम रस्ट भाषेत लिहिला आहे आणि वेबअसेंब्लीमधून ब्राउझरमध्ये धावतो. वेबअसेंब्ली म्हणजे वेगाने चालणारा कोड ब्राउझरच्या कुंपणाच्या आतच चालवायचं मानक, २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरमध्ये आलेलं. प्लगइनशिवाय जे होणार नाही असं आम्ही छातीठोक सांगायचो, ते हेच. सीडीवरची फाइल मी रफलमध्ये टाकली. क्षणभर पांढरा चौकोन दिसला, मग हृदय ठोके देऊ लागलं, झडपा वेळेवर उघडल्या, रक्त फुफ्फुसांकडे निघालं. मी कंट्रोल-एफ दाबून 'जवनिका' टाइप केलं. पडद्यावर शब्द ठळक दिसत होता, आणि ब्राउझर सांगत होता: ० पैकी ०.

आता ती सगळी लेबलं मी एचटीएमएलमध्ये नव्याने टाइप करतो आहे. चोवीस चलचित्रं आहेत, सात झाली.