‘तीनशे’ आणि ‘बहात्तर’: दोन आकड्यांची पार्श्वभूमी

गोव्यात देवस्थानाची किंवा एखाद्या नाट्यमंडळाची स्मरणिका काढायची झाली की फोंड्याचा, म्हापशाचा किंवा मडगावचा छापखानेवाला फोटो ‘तीनशे डीपीआयचे’ (म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांचे) मागतो, आणि तीच स्मरणिका संकेतस्थळावर चढवणारा ‘बहात्तर पुरे’ असे सांगतो. हे दोन्ही आकडे आज नियमासारखे उच्चारले जातात. मात्र त्यांतला एक छपाईच्या जाळीतून आला आहे आणि दुसरा एका विशिष्ट संगणकाच्या पडद्यातून.

जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना सुरू झाला, तेव्हाची एक अडचण आजच्या ऑफसेट यंत्रालाही चुकलेली नाही: शाई कागदावर लागते किंवा लागत नाही, मधली करडी छटा यंत्राला ठाऊकच नसते. लाकडावर कोरलेल्या चित्रात रेषा दाट-विरळ करून भागत असे. छायाचित्राच्या सलग छटांपुढे मात्र हा उपाय अपुरा पडला. छायाचित्रणाचा इंग्रज प्रवर्तक फॉक्स टॅलबॉट याने १८५२ च्या पेटंटात तलम कापडाच्या जाळीतून छायाचित्राचे तुकडे पाडण्याची कल्पना मांडली, ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’मध्ये अशा पद्धतीने छायाचित्र छापले गेले आणि १८८२ मध्ये जर्मनीत गेओर्ग माइझेनबाखने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. लहान ठिपके फिकट दिसतात, मोठे ठिपके गडद दिसतात. छापील फोटोचे सारे रहस्य एवढेच आहे.

ही जाळी किती बारीक असावी, हे कागद ठरवतो. वृत्तपत्राच्या कागदात शाई पसरते, म्हणून तेथे इंचाला ठिपक्यांच्या ८५ ओळींच्या आसपासची जाळी चालते, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० ओळींची जाळी पेलते. संगणकावर पाने लावणे सुरू झाल्यावर दर ओळीमागे दीड ते दोन पिक्सेल (संगणकावरील चित्राचे ठिपके) असावेत असा हिशेब रूढ झाला आणि १५० च्या दुपटीने ३०० हा आकडा पक्का झाला. त्यामुळे वृत्तपत्रातील जाहिरातीला १७० पुरतात, आणि रस्त्यापलीकडून पाहायच्या शिगमोच्या फ्लेक्ससाठी ३०० चा आग्रह धरणे म्हणजे केवळ फाइल फुगवणे होय.

‘बहात्तर’ची कथा छोटी आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, कारण अक्षरांच्या मापाचे ७२ पॉइंट एका इंचात बसतात आणि पडद्यावरचे पान कागदाएवढेच दिसावे, असा हेतू होता. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर इंचाला तीनशेहून अधिक पिक्सेल असतात. पडदा फक्त पिक्सेल मोजतो. १२०० पिक्सेल रुंदीच्या चित्रावर ७२ लिहिले काय आणि ३०० लिहिले काय, त्याला फरक पडत नाही. तेच चित्र ३०० ने छापल्यास चार इंच रुंद होते. निरोपाच्या अ‍ॅपवरून आकसून आलेल्या फोटोवर नुसता ‘३००’ चा शिक्का मारून तो छापखान्याकडे धाडणारे कार्यकर्ते दरवर्षी भेटतात. पिक्सेल त्याने वाढत नाहीत.

फाइलींचे प्रकारही असेच त्या-त्या काळच्या गरजेतून आले. स्कॅनरसाठी १९८६ मध्ये आल्डस कंपनीने टिफ आणले. दूरध्वनीच्या संथ तारांवरून चित्र पोचावे म्हणून १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवेने २५६ रंगांचे जीआयएफ काढले; त्यातील आकुंचन पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट असल्याचा वाद १९९४ च्या अखेरीस पेटला आणि पर्याय म्हणून जन्मलेल्या पीएनजीला ऑक्टोबर १९९६ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची मान्यता मिळाली. पीएनजी तपशील गमावत नाही, पण ते पडद्याच्या आरजीबी (लाल, हिरवा, निळा) रंगांपुरते आहे. छपाईचे चार रंग त्यात मावत नाहीत.

जेपेग या फाइल-प्रकाराचे मानक १९९२ चे असले, तरी त्यामागचे गणित नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच प्रसिद्ध केले होते. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. फोटोला हे मानवते, अक्षराला नाही. नाटकाच्या जाहिरातीचे जेपेग पुन्हा पुन्हा साठवले की अनुस्वार आणि रफार यांच्या कडांभोवती करडा धुरळा उठतो. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या कडा पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात राहू शकतात. म्हणून छापखाने मजकुराचे पान पीडीएफमध्ये आणि त्यातले फोटो मूळ आकारात वेगळे मागतात.