कॉम्प्युटर बसला, कॉन्टॅक्ट गेले: बॅकअप परत घालण्याआधी हे वाचा

कॉम्प्युटर बंद पडला की ग्राहक आम्हाला पहिल्यांदा फोटोंबद्दल विचारतात, मग हिशेबाच्या फायलींबद्दल. कॉन्टॅक्ट आठवतात ते दोन-तीन दिवसांनी, कुणाला तरी तातडीने मेल पाठवायची वेळ येते तेव्हा. तोवर मशीनवर नवी विंडोज टाकून झालेली असते, मेल पुन्हा सुरू केलेला असतो आणि सापडेल तो जुना बॅकअप त्यावर ओतलेला असतो. जी नावं-नंबर सहज परत मिळाले असते, ते बऱ्याचदा या दोन-तीन दिवसांत कायमचे जातात. मशीन बिघडल्यामुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान नंतरच्या घाईत झालेलं आम्ही पाहतो. हे पत्रक त्यासाठीच आहे.

आधी हात थांबवा

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. 'एकदा चालू करून बघू' असं म्हणत प्रत्येक वेळी चालू केलं की डिस्क आणखी खराब होते. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' चालवू नका. ते फाइल सिस्टीम दुरुस्त करण्यासाठी आहे, मरायला टेकलेली डिस्क वाचवण्यासाठी नाही, आणि दुरुस्तीच्या नादात ते डिस्कवर लिहीत राहतं.

डिस्क ठीक आहे, फक्त विंडोज सुरू होत नाही, असं असेल तर काळजीचं फारसं कारण नाही. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला लावली की फायली दिसतात. पण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, आणि मग दुसऱ्या मशीनवर ती बिटलॉकरची (विंडोजच्या या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. ते अकाउंट कोणतं आणि त्याचा पासवर्ड काय, हे आजच बघून ठेवा.

फाइल चुकून डिलीट झाली असेल किंवा फॉरमॅट मारला गेला असेल तर त्या डिस्कवर काहीही नवं टाकू नका, अगदी फाइल परत आणणारं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेल्या फाइलची जागा फक्त 'मोकळी' अशी नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतला मजकूर तिथेच असतो. एसएसडीमध्ये ही सवलत फारशी नाही. तिथे 'ट्रिम' नावाची सोय मोकळ्या जागा स्वतःहून पुसून टाकते, त्यामुळे एसएसडीवरून डिलीट झालेलं परत मिळण्याची आशा कमी असते.

फोनकडेही लक्ष द्या. फोनमध्ये जुने कॉन्टॅक्ट अजून दिसत असतील तर तो आधी एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद आहे याची खात्री करा आणि मगच पुढचं बोला. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका बाजूला कॉन्टॅक्ट पुसले गेले की सिंक ते दुसऱ्या बाजूलाही इमानदारीने पुसतं. फोनमधली शाबूत यादी हीच कधीकधी शेवटची प्रत असते.

तुमचे कॉन्टॅक्ट खरे राहतात कुठे?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक नसतं. आपल्याला स्क्रीनवर एक यादी दिसते. ती कॉम्प्युटरवर आहे की कंपनीच्या सर्व्हरवर, हे वापरताना कळत नाही.

गूगल, आयक्लाउड किंवा आउटलुक डॉट कॉमवर कॉन्टॅक्ट असतील तर कॉम्प्युटर फुटला तरी ते सुरक्षित आहेत. नव्या मशीनवर लॉगिन केलं की परत येतात. चुकून पुसले गेले असतील तरी साधारण ३० दिवसांची मुदत मिळते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेली नावं ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात. शिवाय 'अनडू चेंजेस' वापरून पूर्ण यादी मागच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीला नेता येते. आयक्लाउडच्या वेबसाइटवरही कॉन्टॅक्टच्या जुन्या प्रतींमधून निवडून परत आणायची सोय आहे. ही मुदत कुणासाठी वाढत नाही, म्हणून या बाबतीत मात्र उशीर करू नका.

क्लासिक आउटलुकमध्ये (मशीनवर बसवलेला जुन्या पद्धतीचा मेल प्रोग्राम) साधं पॉप अकाउंट, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून मशीनवर ठेवणारं, असेल तर मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळं एका पीएसटी फाइलमध्ये असतं. २०१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ही फाइल सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये सापडते. आधीच्या आवृत्त्यांमध्ये ती 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असते.

आयमॅप अकाउंटमध्ये एक फसवी जागा आहे. आयमॅप सर्व्हरवर ठेवतं ते फक्त मेल. मेल सर्व्हरवरून परत येतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. कॉन्टॅक्टच्या फोल्डरपुढे मात्र 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते कॉन्टॅक्ट ओएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मशीनवरची प्रत) फक्त त्या मशीनवर असतात. 'ओएसटी परत तयार होते, तिचा बॅकअप नको' हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मेलच्या बाबतीत तो खरा आहे, या कॉन्टॅक्टच्या बाबतीत नाही. तुमचं अकाउंट आयमॅपचं असेल तर आजच आउटलुक उघडून तो फोल्डर पाहा.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रामची ॲड्रेस बुकं प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात, तेही ॲपडेटामध्येच. आता ती एसक्यूलाइट फायली असतात, जुन्या आवृत्तीत एमएबी असायच्या. एक मुख्य ॲड्रेस बुक आणि दुसरं आपोआप गोळा झालेल्या पत्त्यांचं. दोन्ही घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो एवढंच कॉपी करणाऱ्या बॅकअपमध्ये यातलं काहीच येत नाही.

आणि काही नावं कॉन्टॅक्ट नसतातच. मेल लिहिताना दोन अक्षरं टाइप केली की पत्ता आपोआप खाली दिसतो, ती ऑटो-कम्प्लीटची यादी. आउटलुक अशी हजारापर्यंत नावं लक्षात ठेवतं, पण ती ॲड्रेस बुकात जात नाहीत. कित्येक वर्षं तिच्यावरच काम चाललेलं असतं, आणि मशीन गेल्यावर कॉन्टॅक्टचा फोल्डर उघडला तर आत चार नावं! तेव्हा बॅकअप बिघडला असं वाटतं. बॅकअप बरोबर असतो, नावं त्या फोल्डरमध्ये कधीच नव्हती.

बॅकअप बरोबर आहे हे कसं ओळखायचं

फाइल उघडण्याआधी तिची तारीख आणि आकार बघा. आउटलुकची नवी कोरी पीएसटी सुमारे २६५ केबीची असते. दहा वर्षांचा मेल असलेली फाइल काही जीबीची असायला हवी. बॅकअपमध्ये २६५ केबीची पीएसटी दिसली तर ती रिकामी आहे, ती परत घालू नका.

एका ग्राहकांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. मशीन बसलं, ओळखीच्या कुणीतरी विंडोज टाकून दिली, आउटलुक सुरू केलं. आउटलुकने त्याच नावाची नवी रिकामी पीएसटी बनवली. संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवरचा रोजचा बॅकअप ठरल्या वेळी आपोआप चालला आणि जुन्या भरलेल्या फाइलवर ही रिकामी फाइल जाऊन बसली. आमच्याकडे डिस्क आली तेव्हा तिच्यावर नाव बरोबर, तारीख ताजी आणि आत शून्य. त्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता, त्यातून दोन वर्षांपूर्वीची यादी मिळाली. मधल्या दोन वर्षांची नावं गेली ती गेलीच. म्हणून मशीन बिघडल्यावर बॅकअपची डिस्क लगेच काढून बाजूला ठेवा. आपोआप चालणारा बॅकअप अशा वेळी शत्रूचं काम करतो.

याच्या उलटंही होतं. आउटलुक चालू असताना पीएसटी फाइल अडकलेली असते आणि साध्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ती उचलता येत नाही. तो तिला वगळून पुढे जातो आणि शेवटी 'बॅकअप पूर्ण' असंच दाखवतो. फाइलची तारीख आठ महिन्यांपूर्वीची दिसली तर कारण बहुधा हेच. यावर उपाय सोपा आहे: बॅकअप चालायच्या वेळी आउटलुक बंद ठेवा.

नवी विंडोज टाकताना डिस्क फॉरमॅट झाली नसेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर शोधा. जुन्या यूजरचं सगळं सामान त्यात असू शकतं. अपग्रेडनंतर विंडोज हा फोल्डर १० दिवसांत स्वतःहून काढून टाकते, म्हणून सापडला की त्याच दिवशी कॉपी करून घ्या. मॅकवर टाइम मशीन (मॅकची स्वतःची बॅकअपची सोय) चालू असेल तर काम हलकं आहे. ते गेल्या २४ तासांच्या तासातासाच्या, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ठेवतं, त्यामुळे बिघाडाच्या आदल्या दिवसाची यादी निवडता येते.

परत घालताना

मूळ बॅकअप कधीच थेट वापरू नका. त्याची एक कॉपी करा आणि कॉपीवर काम करा. क्लासिक आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'ओपन अँड एक्सपोर्ट', मग 'ओपन आउटलुक डेटा फाइल' निवडलं की जुनी पीएसटी डाव्या बाजूला वेगळी उघडते, चालू मेलबॉक्सला धक्का लागत नाही. तिच्यातले कॉन्टॅक्ट आधी नजरेखालून घाला, किती आहेत ते मोजा आणि मग नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. उघडताना फाइल खराब असल्याचं सांगितलं तर आउटलुकबरोबरच येणारं 'स्कॅनपीएसटी' चालवा, तेही कॉपीवरच. फाइल फार जुनी असेल आणि २ जीबीच्या आसपास अडकली असेल तर ते २००३ पूर्वीच्या पद्धतीच्या पीएसटीचं लक्षण आहे. त्या पद्धतीची मर्यादाच २ जीबी होती.

व्हीसीएफ फाइल (कॉन्टॅक्ट एक्सपोर्ट केल्यावर बनणारी) मिळाली तर चांगलंच. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक माणसासाठी एक 'बिगिन' ओळ असते, तेवढ्या ओळी मोजल्या की किती नावं आहेत ते कळतं. देवनागरीत लिहिलेली नावं तिथे कधीकधी '=' चिन्हं आणि मधे दोन-दोन अक्षर-आकडे अशा लांबलचक रांगेसारखी दिसतात. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. जुन्या २.१ आवृत्तीत नावं अशीच साठवली जातात आणि इम्पोर्ट केली की पुन्हा नीट मराठीत दिसतात. त्या ओळी हाताने 'सुधारायला' जाऊ नका. आणखी एक अडचण: एका व्हीसीएफमध्ये पाचशे नावं असली तरी क्लासिक आउटलुक त्यातलं पहिलंच घेतं. अशी फाइल आधी गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये घाला, तिथून आउटलुकसाठीची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) काढा.

सीएसव्ही आली की एक्सेलपासून सांभाळा. हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो, कारण यात परतीची वाट नाही. डबल क्लिक करून सीएसव्ही उघडली की एक्सेल फोन नंबरला रक्कम समजतं. सुरुवातीचं शून्य गळतं. देशाचा कोड धरून बारा अंक झाले की नंबरच्या जागी दशांश चिन्ह आणि शेवटी '+११' असलेला आकडा दिसतो. नुसतं बघून बंद केलं तर काही बिघडत नाही. पण तशीच सेव्ह केली तर फाइलमध्ये तो आखडलेला आकडाच लिहिला जातो आणि शेवटचे अंक जातात. मराठी नावांचंही तसंच: साध्या सीएसव्ही पद्धतीने सेव्ह केल्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि त्या प्रश्नचिन्हातून नाव परत काढता येत नाही. एक्सेलमध्ये बघायचंच असेल तर 'डेटा' मेनूतून फाइल आत घ्या, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि नंबरचा कॉलम 'टेक्स्ट' करा.

इम्पोर्ट करताना 'डुप्लिकेट घेऊ नका' हा पर्याय निवडा. दुबार नावं जोडण्याचं काम मात्र सगळं परत आल्यानंतर, सावकाश करा. घाईत 'मर्ज ऑल' दाबलं की एकाच नावाच्या दोन वेगळ्या माणसांचे नंबर एकत्र होऊ शकतात.

बॅकअप नसेलच तर

पाठवलेल्या मेलचा फोल्डर हीच तुमची दुसरी ॲड्रेस बुक. आयमॅप किंवा वेबमेल असेल तर तो सर्व्हरवर शाबूत असतो, आणि तुम्ही ज्यांना खरोखर मेल पाठवता ते सगळे पत्ते त्यात असतात. आलेल्या मेलच्या तळाशी लोकांची सही असते, तिथे फोन नंबर मिळतात. हे काम वेळखाऊ आहे, पण महत्त्वाची पन्नास नावं एका बैठकीत उभी राहतात.

पुढच्यासाठी एवढं करा: महिन्यातून एकदा सगळे कॉन्टॅक्ट व्हीसीएफमध्ये एक्सपोर्ट करा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि जुनी फाइल न पुसता नवी शेजारी ठेवा. एक प्रत मशीनच्या बाहेर असू द्या. नुसत्या नावा-नंबरांची फाइल एखाद्या फोटोपेक्षाही लहान असते, जागेची अडचण होत नाही.

आमच्याकडे येताना

बिघडलेलं मशीन, बॅकअपची प्रत्येक डिस्क आणि पेन ड्राइव्ह, आणि कपाटात पडलेला जुना फोन किंवा लॅपटॉप, सगळं आणा. कोणता मेल प्रोग्राम वापरत होता, शेवटचं कधी नीट चाललं आणि त्यानंतर कुणी काय केलं, हे कागदावर लिहून आणा. काही करून बसला असाल तर तेही मोकळेपणाने सांगा, त्यावरून कुठे शोधायचं ते ठरतं. पासवर्ड कागदावर लिहू नका, लागेल तेव्हा तुम्ही स्वतः टाइप करा. तुमच्या मूळ डिस्कवर आम्ही काहीही लिहीत नाही. आधी तिची पूर्ण प्रत काढतो आणि काम त्या प्रतीवर होतं. मशीन परत देताना बॅकअपमध्ये किती नावं सापडली आणि त्यातली किती परत घातली, हे दोन्ही आकडे लिहून देतो. यादी तुमच्यासमोर उघडतो. त्यातली पाच-दहा नावं तुम्ही स्वतः तपासा आणि मगच मशीन घरी न्या.