सोडतीत वशिला चालत नाही

घणसोलीच्या आमच्या सोसायटीत बहुतेकांना घर सिडकोच्या सोडतीत लागलंय. सोडत कशासाठी, हे इथं कुणाला समजवावं लागत नाही: वशिला चालू नये म्हणून. औषधांच्या चाचणीतही हेच करतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक.

मार्च 2020. शेजारच्या काकू आमवातासाठी वर्षानुवर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतात. त्या महिन्यात मेडिकलवाल्याने हात वर केले. ट्रम्प यांनी कोरोनावर या गोळीची भलामण केलेली, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने आरोग्य कर्मचाऱ्यांना ती सुचवलेली. लोकांनी पट्ट्याच्या पट्ट्या घरात भरल्या. काकूंची बोटं सुजली, पोळी लाटता येईना. आणि सोसायटीच्या ग्रुपवर गोळीवर कुणाचा किती भरवसा, हे तो मत कुणाला देतो यावरून ओळखता यायचं.

उत्तर आलं ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून. कोरोनानं रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी गोळी कुणाला, हे संगणकानं सोडत काढून ठरवलं. ‘हा तरुण आहे, यालाच देऊ’ असं डॉक्टरला वाटून उपयोग नाही. तसं चाललं की धडधाकट रुग्ण एकीकडे जमतात आणि श्रेय गोळी खाते. 1561 जणांना गोळी मिळाली, 3155 जणांना नेहमीचे उपचार. 28 दिवसांत गोळीवाल्यांतले 27 टक्के दगावले, इतरांतले 25. एवढा फरक योगायोगानंही पडतो, म्हणून गोळीनं मारलं असं म्हणता येत नाही. पण वाचवलंही नाही. याच चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटवले. त्याच्यासाठी ग्रुपवर कुणीच भांडलं नव्हतं!

शाळा कधी उघडायच्या, लस आधी कुणाला, हे सोडत सांगत नाही. तिथं मतं लागतात, राजकारणही रास्त. पण मताची सवय आकड्यांना लागली की महागात पडतं. अमेरिकेतल्या ओहायो आणि फ्लोरिडात संशोधकांनी मतदारांच्या नोंदी मृत्यूंच्या नोंदींशी जुळवल्या. लस सर्व प्रौढांना खुली झाल्यावर रिपब्लिकन मतदारांतला अतिरिक्त, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा दर डेमोक्रॅट मतदारांपेक्षा 43 टक्के जास्त निघाला.

आपल्याकडे कोव्हॅक्सिनच्या चाचणीतही सोडतच होती, 25,798 जणांची. पण 3 जानेवारी 2021 ला मंजुरी जाहीर झाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे आकडे यायचे होते. म्हणजे निकालाआधीच चाव्या वाटल्या. निकाल पुढे चांगला लागला, परिणामकारकता 77.8 टक्के. तोवर आमच्या ग्रुपवर ‘आकडे कुठायत?’ असं विचारलं की उलट प्रश्न यायचा, ‘तू कुठल्या पक्षाचा?’