घटपर्णी : घरातील लागवड

घटपर्णी (प्रजाती नेपेंथिस) ही उष्ण कटिबंधातील कीटकभक्षी वेल. पानाची मध्यशीर पात्याच्या टोकापुढे वाढून तिचा तणावा होतो व तणाव्याच्या शेवटी झाकण असलेला घट लागतो. बहुतेक जाती बोर्निओ, सुमात्रा व फिलिपिन्समधल्या. भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी जात एकच, मेघालयातील नेपेंथिस खासियाना. तिला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे जंगलातून आणलेले रोप घेऊ नये. घरासाठी रोपवाटिकेतले संकरच बरे. त्यांत ‘व्हेंट्राटा’ सर्वांत सोशिक. उंच डोंगरांवरच्या जातींना रात्री १५ अंश सेल्सिअसच्या आसपास गारवा लागतो, म्हणून मुंबई-कोकणात त्यांच्या नादी न लागलेले चांगले.

कुंडीत लांब धाग्यांचे स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) व परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) समप्रमाणात भरतात. बागेतली माती, शेणखत किंवा गांडूळखत घातल्यास मुळे जळतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालते, पण त्यातले क्षार निघेपर्यंत ते अनेकदा धुवावे लागते.

बहुतेक रोपे पाण्यामुळे दगावतात. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) ५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५० भागांच्या) आत हवा. बोअरवेलचे पाणी तर नकोच. आरओचे पाणीही मोजूनच वापरावे, कारण घरगुती यंत्रात चवीसाठी क्षार पुन्हा मिसळलेले असू शकतात. पावसाळ्यात सुरुवातीच्या सरी सोडून साठवलेले पाणी उत्तम. मॉस ओलसर असावे, मात्र कुंडी बशीतल्या पाण्यात सतत उभी ठेवल्यास मुळे कुजतात.

पाने येतात पण घट लागत नाहीत, ही नेहमीची तक्रार. पाने लांबट, गडद हिरवी व लुळी असतील तर उजेड कमी पडतोय. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळू द्यावे. तणाव्याच्या टोकाची कळी मुगाएवढी होऊन काळी पडत असेल तर हवा कोरडी आहे. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर ठेवावी, एसीचा झोत टाळावा. नुसती फवारणी तासाभरात वाळून जाते. जवळजवळ ठेवलेल्या कुंड्यांचा उपयोग त्याहून जास्त. जागा बदलल्यावर रोप महिना-दोन महिने घट धरत नाही, तेव्हा ते सारखे हलवू नये.

जुने घट तपकिरी होऊन वाळणे स्वाभाविक आहे. घट वाळला तरी पान हिरवे असेतो कापू नये. प्रवासात घटातला द्रव सांडला असल्यास तळाशी थोडे शुद्ध पाणी घालावे. खाऊ म्हणून मांसाचे तुकडे टाकल्यास घट सडतो. महिन्यातून एखादी मुंगी किंवा माशी पुरते, तीही बहुधा आपणहून सापडते.