इस्ट्रोजेन जेलने रक्ताच्या गाठी होतात का?
रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घेतलं की रक्ताच्या गाठी होतात, ही भीती 2002 पासून घर करून बसली आहे. त्या वर्षी गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात गोळ्या दिल्या होत्या आणि स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. गोळी आधी यकृतातून जाते. तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. दंडावर किंवा मांडीवर लावलेलं जेल त्वचेतून थेट रक्तात उतरतं. नेहमीच्या मात्रेत त्याने गाठींचा धोका वाढल्याचं आजवरच्या निरीक्षणांत दिसलेलं नाही. तेव्हा अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने उशी भिजणं निमूट सोसू नका, डॉक्टरांना विचारा. मात्र ‘वरून तर लावायचंय’ म्हणून परस्पर सुरू करू नका. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक लागतंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होऊन कर्करोगाचा धोका वाढतो.