कायद्याच्या नावातून ‘अंधश्रद्धा’ गेली कुठे?

महाराष्ट्रात 2013 मध्ये झालेल्या कायद्याला लोक जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. जुने कार्यकर्ते अजून ‘अंधश्रद्धेचा कायदा’ म्हणतात. राजपत्रातलं नाव मात्र एका दमात म्हणून होत नाही: नरबळी, इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा, जादूटोणा, मग प्रतिबंध, मग समूळ उच्चाटन, आणि शेवटी 2013. एवढ्या ऐसपैस नावात ‘अंधश्रद्धा’ या शब्दाला जागा मिळालेली नाही. चर्चा सुरू झाली तेव्हा पाटी ‘अंधश्रद्धा निर्मूलन कायदा’ अशीच होती. हा शब्द वाटेत का गळाला, हे कळलं की बाकीचा वादही बराचसा उलगडतो.

मुळात हा जोडशब्दच अडचणीचा आहे. त्याच्या पोटात ‘श्रद्धा’ आहे, आणि श्रद्धा हा मराठीत चांगल्या अर्थाचा शब्द आहे. गीतेत ‘श्रद्धावान् लभते ज्ञानम्’ म्हटलंय, म्हणजे शिकण्याची अटच श्रद्धा. सतराव्या अध्यायात श्रद्धेचे तीन प्रकार सांगितलेत: सात्त्विक, राजस, तामस. भुताखेतांना पुजणारे तामस श्रद्धेचे. म्हणजे तिथली वाईट श्रद्धासुद्धा श्रद्धाच आहे, तिला आंधळी म्हणून कुळाबाहेर काढलेलं नाही. संतांनी या प्रकारांवर कोरडे ओढले, पण बोलीभाषेत. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करायचा, हा देहूच्या वाण्याचा प्रश्न अजून कीर्तनात हशा पिकवतो. तो ऐकून हसणारी मंडळी स्वतःला श्रद्धावानच समजतात, आणि त्यात काही चूक नाही. ‘धर्मभोळा’, ‘खुळी समजूत’, ‘वेडगळपणा’ हे शब्द माणसाच्या अकलेवर बोट ठेवतात. ‘अंधश्रद्धा’ बोट ठेवते ते श्रद्धेवर. त्यामुळे हा शब्द कानावर पडताच ऐकणारा आधी आपल्या देव्हाऱ्याकडे बघतो. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, हा वक्तृत्व स्पर्धेतला पेटंट विषय. वर्षानुवर्षं पोरं त्यावर बक्षिसं मिळवत आलीत, सीमारेषा मात्र कोणी आखून दिलेली नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांची परंपरा वाचकाला पाठ असते. 1848 ची मुलींची शाळा, 1849 ची मुंबईतली गुप्त परमहंस सभा, 1873 चा सत्यशोधक विचार. इथे त्यातलं एवढंच उपयोगाचं की त्यांचा वार मध्यस्थावर होता. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, हे त्यांचं म्हणणं. ते टिकून राहिलं असतं तर पुढचा बराच गुंता वाचला असता, असं वाटतं.

स्वतंत्र भारतातला सुरुवातीचा कायदा 1954 चा, आणि तो जाहिरातींचा आहे. मंत्र, कवच, ताईत यांनी रोग बरा करतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. त्यावर मोर्चे वगैरे निघाले नाहीत, कारण त्यात कोणाच्या श्रद्धेचं नावच नव्हतं. 1976 मध्ये राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यं आली आणि त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आला. 1986 च्या शैक्षणिक धोरणाने तो अभ्यासक्रमाच्या दहा गाभाघटकांत बसवला. डी.एड. केलेल्या कुठल्याही गुरुजींना हे दहा घटक झोपेतून उठवून विचारावेत. ते घडाघडा म्हणतील, कारण परीक्षेत हमखास येत. पण पाठ करून लिहायचा वैज्ञानिक दृष्टिकोन कसला, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. 2001 मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरलं. त्याविरुद्धची याचिका 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. म्हणजे घटना, शाळा आणि विद्यापीठ या तीन घरांत या विषयावर एकमत कधीच नव्हतं.

महाराष्ट्रात विषय पेटला तो मात्र खुनांमुळे. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये गुप्तधनासाठी आणि मूल व्हावं म्हणून बायका-मुलींचे बळी गेले. 1982 पासून नागपूरकडून अंधश्रद्धा निर्मूलनाचं संघटित काम सुरू झालं, 1989 मध्ये त्यात फूट पडून दुसरी संघटना उभी राहिली. गावोगाव प्रयोग होऊ लागले. ते ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवतील. नारळाच्या शेंडीत आधीच सोडियमचा खडा दडवलेला असतो. ‘मंतरलेलं’ पाणी शिंपडलं की शेंडी भुरकन पेटते. होमात राखेखाली पोटॅशियम परमँगनेट असतं. वरून तुपाच्या नावाने ग्लिसरीन सोडायचं, क्षणभर थांबायचं, आणि ज्वाळा. आधी चमत्कार करून दाखवायचा आणि मग पुडी उघडून दाखवायची. दुसऱ्या भागाला टाळ्या कमी पडत, पण पडत.

सप्टेंबर 1995 मध्ये देशभर गणपती दूध प्याला तेव्हा याच शिदोरीचा उपयोग झाला. चमचा मूर्तीच्या सोंडेला लावून किंचित तिरका केला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा दिसला. त्याच वर्षी विधान परिषदेत असा कायदा व्हावा म्हणून अशासकीय ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला ठराव, संमत झाला होता.

2003 पासून मसुद्यांची मालिका सुरू होते. डिसेंबर 2005 मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केलं, पण पुढे परिषदेच्या वाटेवर ते अडकलं आणि 2009 मध्ये विधानसभेच्या मुदतीबरोबर बाद झालं. अडकलं कशावरून, हे नीट बघण्यासारखं आहे, कारण नंतरच्या सांगण्यात ते ‘धर्मवादी विरुद्ध पुरोगामी’ एवढंच उरलं.

शेवटाकडे एक खुलाशाचं कलम होतं. आशय असा: ज्या धार्मिक विधींमुळे कोणाचंही मानसिक, शारीरिक वा आर्थिक नुकसान होत नाही, त्यांना हा कायदा लागू नाही. लिहिणाऱ्याने हे दिलासा म्हणून लिहिलं होतं. वाचणाऱ्याने ते उलट बाजूने वाचलं: म्हणजे ज्यांत नुकसान होतं त्यांना लागू आहे! मग उपवासाने शरीराला त्रास होत नाही का? पंढरीला चालत जाताना पायाला फोड येत नाहीत का? दक्षिणा, देणगी, दिंडीचा खर्च हे ‘आर्थिक’ नाही का? वारकरी मंडळी रस्त्यावर आली ती याच वाचनामुळे. कायद्याच्या बाजूचे लोक हसले, अफवा आहे म्हणाले. अफवा होतीच, वारी बंद करण्याचा कोणाचा इरादा नव्हता. पण ‘आर्थिक’ हा एक शब्द इतका सैल ठेवायचा आणि मग लोकांनी त्यात हात घातला म्हणून रागवायचं, हे काही बरोबर नव्हे. मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बुवा होता. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या वारकरी गटाचा प्रमुख, म्हणजे फडप्रमुख होता. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द दोघांनाही सामावून घेण्याइतका मोठा होता आणि तीच पंचाईत झाली.

2011 ला विधेयक पुन्हा आलं आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत परत अडकलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात, सकाळी फिरायला निघालेल्या, या कायद्यासाठी आयुष्य घातलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुलावर गोळ्या घालून खून झाला. दहा वर्षं जमलं नव्हतं ते मग चार दिवसांत झालं, अध्यादेश निघाला. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला.

या अंतिम रूपात काय उरलं? परिशिष्टात 12 बाबी. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं. गुप्तधनासाठी नरबळी. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं. साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात नेऊ न देणं. शिक्षा किमान 6 महिने, कमाल 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यापुढे कायदा कशाला हात लावणार नाही याचीही यादी आहे, आणि ती या सगळ्या भांडणाची वहीच आहे: प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन, वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले. जमिनीखालचं पाणी कुठे लागेल हे सांगणाराही सुटला. ‘आर्थिक’वरून घसरलेली गाडी रुळावर आणताना एवढे डबे सोडावे लागले.

कायद्याच्या चाहत्यांना ही यादी पराभव वाटते. पण परिशिष्टातल्या एकाही बाबीत ‘माणूस काय मानतो’ हा प्रश्न येत नाही. कोणी कोणाला काय केलं, हाच येतो. सप्टेंबर 2013 च्या सुरुवातीलाच नांदेडला गुन्हा नोंदला गेला तो कर्करोग, मधुमेह, एड्स बरे करण्याच्या दाव्यांबद्दल. तिथे श्रद्धेची व्याख्या करायची वेळच आली नाही. 1954 च्या कायद्याने जे निमूटपणे केलं होतं, तिथेच फिरून येणं झालं. पुण्याच्या खुनाचा निकाल मे 2024 मध्ये लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

शब्दावर एवढा भार टाकण्यात एक अडचण आहे, तीही नोंदवायला हवी. कर्नाटकात अशाच कायद्याला लोक ‘मौढ्य’निषेधाचा कायदा म्हणतात. मौढ्य म्हणजे मूढपणा. त्यात श्रद्धा कुठेच नाही. तरीही 2013 मधल्या पहिल्या मसुद्यावर तिथे रान उठलं, कायदा व्हायला 2017 उजाडलं, आणि अंमल 2020 पासून. नाव ठेवलं ‘अमानुष अनिष्ट प्रथा व जादूटोणा’. 2024 मध्ये गुजरातने कायदा केला तेव्हा तर महाराष्ट्राचंच नाव जवळजवळ शब्दशः उचललं, नरबळीपासून जादूटोण्यापर्यंत.